वरच्या मजल्यावरचा खलबत्ता

"आगं, फुलपात्रं दोनच काय मांडलीस? चार मांड. नवं बिऱ्हाड बघाया एकटं-दुकटं कुणी येत नसतंय."

आत्याबाईंनी तांब्या विसळला, काठोकाठ भरला आणि दाराजवळच्या बुटक्या टेबलावर ठेवला. शेजारी बशीत गुळाचे खडे. आमच्या सहा बॅगांपैकी चार अजून दोरीनं करकचून बांधलेल्या होत्या, माझे स्वेटर कुठं गेलेत त्याचा पत्ता नव्हता, बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि या बाईचं गूळपाणी मांडून तयार!

साल त्र्याण्णव. जानेवारीचा पहिला आठवडा. जपानात, नागोयापासून तासाभरावरच्या एका कारखान्याच्या गावात आम्ही त्याच दुपारी येऊन पडलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी चार वर्षांची रेवती आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझे यजमान शशिकांत डायमेकर, म्हणजे कारखान्यात साचे बनवणारे. कंपनीनं त्यांना अडीच वर्षांसाठी इथं पाठवलं होतं, त्यातले चौदा महिने त्यांनी एकट्यानं काढले होते. कुटुंबाची पक्की जागा मे महिन्यात रिकामी होणार होती. तोवर ही तात्पुरती. लाकडी दुमजली इमारत, खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. वरचं डावीकडचं आमचं. भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्यानं शिंक दिली तर आपण रुमाल शोधावा.

"आत्याबाई, इथं कोण येणार आहे आपल्याकडं?" मी म्हटलं.

"कोन म्हंजी? शेजारी! एवढं सामान धडाधडा चढवलं, त्यास्नी कळलं नसंल व्हय? येतील की. चहा पायजे का, पाणी पायजे का, इचारतील. आपुन उंब्रजात काय करतो?"

उंब्रजात त्या काय करायच्या ते मला पाठ होतं. आळीत नवं बिऱ्हाड उतरलं की त्या संध्याकाळी त्यांची चूल पेटायची नाही. आत्याबाईंची पिठलं-भाकरी जायची. मास्तर असोत, तलाठी असोत नाहीतर टपरीवाला. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचा भारी वैताग यायचा, कारण पिठलं त्यांच्या नावाचं आणि पातेलं घासायचं माझ्या.

त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई रोज चारला तांब्यातलं पाणी बदलायच्या, गूळ झाकायच्या, नऊवारीवर माझ्या दिराचा जुना स्वेटर चढवून दाराशी बसायच्या. जिन्यावर पाऊल वाजलं की पदर सारखा करायच्या. पाऊल पुढं निघून जायचं.

आठवड्यानं त्या म्हणाल्या, "काय माणसं म्हणावी गं ही? साधं पाणीसुदीक इचारलं न्हाई."

"परदेश आहे हा, आत्याबाई. इथं कोण कुणाला विचारत नाही."

"परदेश असला म्हणून माणसं माणसं न्हाईत व्हय?" असं म्हणून त्यांनी गूळ पुन्हा झाकला. पण काढला मात्र नाही.

मला एक सांगायचंय ते आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. आम्ही विमानात बसलो तेव्हा आत्याबाईंच्या बॅगेत पाच किलोचा लोखंडी खलबत्ता होता. मुंबईच्या विमानतळावर तो बघून तपासनीस हसला आणि माझी मान शरमेनं खाली गेली. "मिक्सर घेतलाय ना आपण, हे धूड कशाला?" मी किती वेळा म्हटलं असेल. त्या म्हणाल्या, "असूं दे. खात न्हाई ते काय तुझं."

आणि झालं काय? तिथली वीज आपल्या निम्म्या जोराची. माझा नवाकोरा मिक्सर नुसता कण्हायचा. शेंगदाणा पात्यात अडकून तसाच बसायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये ज्यात त्यात मासळी, आणि आमचे हे माळकरी घरातले. दुपारचा डबा लागायचाच, आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी नसली की यांची पोळी घशाखाली उतरत नसे. चौदा महिने डबल रोटी खाऊन या माणसाची हाडं वर आली होती. मग मी काय केलं, पहाटे साडेपाचला उठायचे, खलबत्ता जमिनीवर ठेवायचे, आणि धाड धाड धाड. चटणी तरी, नाहीतर भाजीत घालायला कूट तरी.

मी कुटायचे. आत्याबाई नव्हे. त्यांना कुटताच येत नसे. आदल्या वर्षी गोठ्यात घसरून त्यांचं उजवं कोपर मोडलं होतं, हाड वाकडं बसलं होतं. तो हात पुरता वळायचा नाही. घास खाताना त्या मान खाली आणायच्या. "आगं, खाली काहीतरी अंथर तरी," त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. "घोंगडी घाल, आवाज जातोय." मी म्हटलं, "कोण ऐकतंय? विचारायला तर कुणी येत नाही." नवऱ्याच्या जेवणापुढं मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या न येणाऱ्या शेजाऱ्यांवर माझाही राग होताच. ऐका म्हणावं!

महिनाअखेरीच्या रविवारी दारावर टकटक झाली. आत्याबाई धडपडत उठल्या. "आलं! आलं बाई कुणीतरी!"

दारात नोझाकीबाई होत्या. कंपनीच्या ऑफिसातल्या दुभाषी, पंचविशीतल्या, चष्मेवाल्या. त्या इंग्रजी सावकाश बोलायच्या आणि माझं इंग्रजी त्याहून सावकाश, त्यामुळं आमचं जमायचं. आत्याबाईंनी त्यांच्या हातात आधी गूळपाणी दिलं, मगच बोलू दिलं. नोझाकीबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्याल्या, पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि पर्समधून एक कागद काढला.

"तक्रार आली आहे," त्या म्हणाल्या. "खालच्या घरातून. रोज पहाटे साडेपाच वाजता ठोकण्याचा आवाज येतो."

माझी नजर कोपऱ्यातल्या खलबत्त्यावर गेली.

रविवार म्हणून घरी असलेल्या यांनी कागद हातात घेतला. त्यातलं त्यांना काही वाचता येत नव्हतं, तरी वरून खालपर्यंत बघितला. "पुढं काय?" त्यांनी विचारलं.

नोझाकीबाई खाली बघून बोलल्या. "घरमालक फार नाराज आहेत. आणखी एक तक्रार आली तर जागा सोडायला लागेल. मे महिन्यापर्यंत कंपनीकडं दुसरी जागा नाही. मग कुटुंबाला परत जावं लागेल. आणि कंपनी कुटुंबाला एकदाच आणते. दुसऱ्यांदा आणत नाही."

हे कागद तसाच धरून रेवतीकडं बघत राहिले. आता तुम्हाला काय सांगू! नागोयाच्या विमानतळावर हे हात पसरून उभे होते आणि माझी लेक माझ्यामागं लपून म्हणाली होती, "आई, हे काका कोण?" चौदा महिन्यांत बापाचा चेहरा विसरली होती पोर. तीन आठवडे लागले तिला त्यांच्या मांडीवर बसायला. बाबा अशी हाक तिनं मागच्याच बुधवारी मारली होती, आणि तेव्हा हा बाप्या गडी संडासात जाऊन रडून आला होता. आता पुन्हा वर्षभर ताटातूट झाली असती तर ती हाक राहिली असती का?

"कोण ठोकतं?" नोझाकीबाईंनी विचारलं. "मला खाली सांगावं लागेल."

मी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मला वाटलं, नाव घेतलं की हिला परत पाठवा म्हणतील. हिला म्हणजे मला.

"काय इचारतीया ती?" आत्याबाई म्हणाल्या.

"आई, पहाटे कोण कुटतं असं विचारताहेत," हे म्हणाले.

"सांग की मग तिला," आत्याबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "मी कुटते म्हणावं. म्हातारी हाय, गावंढळ हाय, कळलं न्हाई तिला. चूक झाली म्हणावं."

यांनी आईकडं बघितलं. आईच्या वाकड्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मूग गिळून बसले होते. त्यांनी मान वळवली आणि नोझाकीबाईंना सांगितलं, "माझी आई."

त्या दोन शब्दांची लाज मला आजतागायत आहे.

नोझाकीबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्या जरा घुटमळल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही आलात तेव्हा शेजाऱ्यांकडं गेला होतात ना?"

"आम्ही?" मी म्हटलं. "आम्ही कशाला जाऊ? आम्ही नवीन आहोत. त्यांनी यायला हवं होतं. त्यांनी तर साधं पाणीही विचारलं नाही!" इतक्या दिवसांचं साचलेलं तोडक्यामोडक्या इंग्रजीत भडाभडा बाहेर पडलं.

नोझाकीबाईंचे डोळे चष्म्यामागं गोल झाले. "पण इथं नवीन आलेल्यानं जायचं असतं! पहिल्या दोन-चार दिवसांत. शेजारी, खाली, सगळ्यांकडं. छोटीशी भेट घेऊन. आम्ही आलो आहोत, आमचा त्रास होईल, सांभाळून घ्या, असं सांगायचं. जुने लोक आपण होऊन येत नाहीत. नवीन माणसाला संकोच होईल म्हणून." मग हळूच म्हणाल्या, "ते तीन आठवडे तुमची वाट बघत असतील."

मी हे आत्याबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चिडतील, उलटीच तऱ्हा म्हणतील. त्यांनी एकदा टेबलावरच्या तांब्याकडं बघितलं, आणि अशा काही खदखदून हसल्या की रेवती दचकून यांना बिलगली.

"आगं बया! म्हंजी ते खाली बसल्यात आपली वाट बघत आन् आपुन वर बसलोय त्यांची वाट बघत! आन् वर बसून कुटतोय त्यांच्या डोस्क्यावर! धन्य हाय आपली!" डोळे पुसत त्या उठल्या. "ऊठ हेमा. काय न्यायचं असतं इचार तिला."

"टॉवेल नेतात बहुतेक," नोझाकीबाई म्हणाल्या. "किंवा साबण."

आत्याबाईंनी बॅग उघडून तळातून सोलापुरी टॉवेल काढले. कोऱ्या घडीचे तीन. लाल, हिरवा, जांभळा. परदेशात पाहुण्यारावळ्यांना लागतील म्हणून आणले होते, त्यावरूनही मी तोंड वेंगाडलं होतं. नोझाकीबाई टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या.

"आन् लाडू नेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "शेंगदाण्याचे. म्हैनाभर नुसता आवाज ऐकलाय बिचाऱ्यांनी, चव तरी बघू द्यात."

दुपारी दोनला, घोंगडीची चौपदरी घडी घालून तिच्यावर खलबत्ता ठेवून मी कूट केलं. आवाज निम्म्याहून कमी आला. इतकी साधी गोष्ट मी ऐकली असती तर! आत्याबाईंनी डाव्या हातानं लाडू वळले. एका हातानं वळलेला लाडू गोल होत नाही, चपटा होतो. नोझाकीबाई म्हणाल्या छान आकार आहे.

चारला आम्ही निघालो. पुढं आत्याबाई, नऊवारी, स्वेटर, पायात मोजे आणि त्यावर चपला. मागं नोझाकीबाई. त्यांच्यामागं ताट घेऊन मी. शेजारच्या दारातला मुलगा रात्रपाळीचा, झोपेतून उठून आला, टॉवेल बघून चारदा वाकला. खालच्या उजव्या घरातलं शिक्षक जोडपं घरात बोलवायला लागलं. आत्याबाई प्रत्येक दारात मराठीतच बोलल्या, "आम्ही वर आलोय, उंब्रजची माणसं, काय लागलं-सवरलं तर हाक मारा." नोझाकीबाई त्याचं काय भाषांतर करत होत्या देव जाणे, पण दोन्ही दारांत माणसं हसली.

राहिलं ते खालचं डावं दार. आमच्या बरोबर खालचं.

दार सरकवलं ते सत्तरीच्या एका बारक्या बाईंनी. कुवाबाराबाई. केस पांढरे, पाठ वाकलेली. चेहरा शिळा झालेला, कित्येक रात्री झोप नसल्यासारखा. त्यांच्यामागं आतल्या खोलीत जमिनीवर गादी होती, गादीवर एक म्हातारा डोळे मिटून पडलेला, उशाशी औषधाच्या बाटल्या. खोकत होता तेही दमून.

नोझाकीबाईंनी हलक्या आवाजात त्यांच्याशी बोलून घेतलं आणि मला सांगितलं, "यांचे यजमान आजारी आहेत. रात्रभर खोकला. पहाटे पाचला कुठं डोळा लागतो."

पाचला डोळा लागतो. आणि साडेपाचला मी. 

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी टॉवेल माझ्या ताटात ठेवला, चपला काढल्या, मोज्यांनी पुढं झाल्या, आणि कान धरायला दोन्ही हात वर केले. आपल्याकडं लहान पोर धरतं तसे. डावा हात कानाला पोचला. उजवा खांद्याच्या वर जाईना. त्यांनी जोर केला, कोपर थरथरलं, तरी जाईना. मग घास खाताना आणायच्या तशी त्यांनी मान खाली आणली, कानच हाताकडं नेला आणि धरला. तशाच वाकून म्हणाल्या, "चुकलं बाई माझं. आजाऱ्याची झोप मोडली मी. पुन्ना न्हाई व्हायचं."

कान धरण्याचा अर्थ त्या देशात कुणाला ठाऊक असणार? पण कुवाबाराबाई त्या हाताकडं एकटक बघत राहिल्या. त्या वाकड्या, न वळणाऱ्या कोपराकडं. मग त्यांची नजर हलकेच माझ्याकडं आली. माझ्या दोन धडधाकट हातांवर. मी खाली बघितलं.

त्या नोझाकीबाईंना काहीतरी म्हणाल्या. लांबलचक, दोन-तीन वाक्यं. नोझाकीबाई फक्त "हाय" म्हणाल्या, म्हणजे तिकडच्या भाषेत "हो".

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"माफ केलं म्हणाल्या," नोझाकीबाईंनी सांगितलं. एवढ्या लांब बोलण्याचा एवढाच अर्थ? पण विचारायची माझी टाप नव्हती.

त्यानंतर तक्रार आली नाही. पहाटेचं कुटणं बंद, अर्थातच. आदल्या दिवशीचं कूट डब्याला पुरायचं. पण दिवसा केव्हा कुटावं? तेही ठरलं, आणि ठरवलं या दोन म्हाताऱ्यांनीच, भाषेवाचून. आत्याबाई दुसऱ्या दिवशी खाली गेल्या त्या रोजच जायला लागल्या. इकडं म्हातारबुवांचा खोकला, तिकडं आत्याबाईंचा आल्याचा काढा. त्या मराठीत बोलायच्या, कुवाबाराबाई जपानीत, आणि दोघींचं तासन् तास चालायचं. मी एकदा विचारलं, "कळतं का तुम्हाला काही?" तर म्हणाल्या, "नवऱ्याचंच सांगतीया. त्याला काय कळायचं लागतंय?"

तर, म्हातारबुवा उठून बसले, चहा प्याले, की सकाळी दहाच्या सुमाराला कुवाबाराबाई झाडूचा दांडा वर करून छताला दोनदा ठोकायच्या. टक टक. म्हणजे कुटा आता. मग मी घोंगडी अंथरून बसायचे. एखाद्या दिवशी ठोके पडले नाहीत की आत्याबाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. "रात जड गेली जणू," म्हणून काढा घेऊन खाली जायच्या. उलट कुवाबाराबाई वर आल्या की त्यांना आधी गूळपाणी. पहिल्यांदा त्या गूळ हातात धरून बसल्या, काय करायचं कळेना. आत्याबाईंनी स्वतः खडा तोंडात टाकून वर पाणी पिऊन दाखवलं. आणलेला सगळा गूळ त्या एका बाईनं संपवला.

या सगळ्याकडं मी नुसती बघत होते. भाषा नाही, अक्षरओळख नाही, हात धड नाही, आणि तीन आठवडे मी ज्या दारांवर चरफडत होते ती दारं या बाईनं एका दुपारी उघडून ठेवली. मनातल्या मनात मी रोज त्यांच्या पाया पडत होते. पण तोंडानं एक वाक्य निघत नव्हतं, की आत्याबाई, त्या दिवशी मी गप्प बसले.

त्यांचा व्हिसा नव्वद दिवसांचा. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना निघायचं होतं. हे कारखान्यातून येऊ शकले नाहीत, म्हणून नोझाकीबाई आमच्यासोबत विमानतळावर आल्या. रेवतीला बाकावर झोप लागली होती. आता आत जायचं, एवढ्यात मला राहवलं नाही.

"आत्याबाई, कुटत मी होते. तुम्ही तुमचं नाव का सांगितलंत?"

"आता इचारतीस व्हय?" त्या हसल्या. "म्या म्हटलं, आता इमानात बसले की सुटले यातनं."

"थट्टा नको. मला रात्र-रात्र झोप नाही आली. मी बोलायला हवं होतं."

"बोलली असतीस तर मीच गप केलं असतं." त्यांनी डाव्या हातानं माझा पदर सारखा केला. मी काही साडीत नव्हते, सवयीनं स्वेटरच सारखा केला. "हे बघ पोरी. मी तीन म्हैन्यांची. तू ऱ्हाणारी. माणसाचा राग जाणाऱ्याच्या नावावर ठिवावा. म्हंजी तो जाताना संगं नेता येतो. तुझ्या नावावर ऱ्हायला असता तर तू त्या जिन्यावनं रोज मान खाली घालून उतरली असतीस. तुला तिथं नांदायचंय. मला काय, उंब्रजात कोन इचारतंय?"

मला रडू फुटलं. भर विमानतळावर, लहान पोरासारखं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरं आता. शशीच्या डब्याला चटणी करत जा. आन् खलबत्ता परत आणायचा न्हाई म्हणून सांगतीस काय? आणायचा! माझ्या सासूचा हाय तो."

त्या गेल्या. मोजे, चपला, नऊवारी. दारातून एकदाही मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनाही रडू आलं असतं, एवढं मला कळत होतं.

परतीच्या गाडीत रेवती माझ्या मांडीवर झोपली होती. नोझाकीबाईंनी तिच्या अंगावर आपला कोट घातला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी कुवाबाराबाई काय म्हणाल्या ते मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. या बाई इथं आहेत तोवर सांगू नका, असं त्यांनीच बजावलं होतं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ठोकणारा हात हा नाही, ते मला दिसतंय. पण या बाईंनी जी माफी मागितली, तिच्यानंतर खरा हात कुणाचा हे विचारणं बरं नव्हे. माफी यांच्याच नावावर राहू द्या."

 म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं! दोन महिने मी त्यांच्यासमोर साळसूद चेहऱ्यानं उभी राहत होते, त्या माझ्या लेकीला बिस्किटं देत होत्या, दहाला टक टक करून मलाच कुटायची परवानगी देत होत्या, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. एकीनं राग आपल्या नावावर घेतला, दुसरीनं माफी तिच्याच नावावर ठेवली. दोघींमध्ये मी तेवढी कोरडी राहिले होते. तसं मला राहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ठोके पडायच्या आत, मी खाली गेले, रेवतीला उजव्या घरातल्या शिक्षकबाईंकडं सोडलं आणि डाव्या दारावर टकटक केली. कुवाबाराबाईंनी दार सरकवलं. त्यांच्या गळ्यात आमचा लाल सोलापुरी टॉवेल होता. त्यांनी माझ्यामागं जिन्याकडं बघितलं, आत्याबाई नाहीत हे त्यांना आठवलं असावं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी चपला काढल्या. दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले, घट्ट, आणि वाकले. शब्द काही नव्हते. नोझाकीबाई नव्हत्या. मराठीतच म्हटलं, "मी कुटत होते. चुकलं माझं."

कुवाबाराबाई जवळ आल्या. त्यांनी माझे हात एकेक करून कानावरून काढले, मला आत ओढून बसवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि बशीत काळ्या साखरेचा एक खडा. तिकडं तशी साखर मिळते, आपल्या गुळाच्या जवळची. खडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि मला कळलं नाही तर म्हणून, आधी खडा, मग पाणी, असं बोटांनी करून दाखवलं.

मी तो तोंडात टाकला. वर पाणी प्याले. आत गादीवर म्हातारबुवा उशीला टेकून बसले होते, हातात चहाचा पेला.

मग कुवाबाराबाईंनी बोट छताकडं केलं आणि मूठ वर-खाली हलवून दाखवली. दहा वाजले होते. मी वर गेले, घोंगडीची घडी घातली आणि कुटायला बसले.